राजा ओरडत नसतो

ओसेई बेदियाकोचा आवाज आधी यायचा आणि माणूस मागून. कुमासीच्या लॉरीअड्ड्यावर तो टेचिमानच्या लॉऱ्या भरायचा. "टेचिमान! टेचिमान! ही निघाली!" एवढंच काय ते ओरडायचं. पण त्या आवाजात असा काही हुकूम असायचा, की ज्यांना ओबुआसीला जायचं तेसुद्धा निमूटपणे चढून बसायचे. एकदा एका म्हातारीनं अर्ध्या वाटेत रडायला सुरुवात केली.

"अगं आजी, ओबुआसीला जायचं तर या गाडीत चढलीस कशाला?" ड्रायव्हर वैतागला.

"तो म्हणाला, बसा. नाही कसं म्हणायचं, लेकरा?"

अचिया त्याच अड्ड्यावर डोक्यावर पावाची पाटी घेऊन फिरायची. तीन आठवडे तिनं नुसता आवाज ऐकला. हा माणूस सावरीच्या झाडाएवढा असणार, असं तिनं मनात धरून ठेवलं होतं. मग एके दिवशी लॉरीच्या मागून उसाच्या कांडासारखा एक किडकिडीत तरुण बाहेर आला आणि त्यानं पाव मागितला. पाटी खाली पडता पडता वाचली.

"आवाज तुमचाच का?" तिनं विचारलं.

"नाही, मोठ्या भावाचा. तो आज आजारी आहे, म्हणून मी घेऊन आलो."

अचिया हसली आणि तिथंच फसली, असं ती पुढं सगळ्यांना सांगायची.

आमच्याकडं भाचीच्या लग्नात शेवटचा शब्द मामाचा. अचियाचे मामा बोआतेन म्हणजे अबेतिमाच्या राजाचे ओच्यामे. राजा चारचौघांत स्वतः मोठ्यानं बोलत नाही. तो हळूच ओच्यामेच्या कानाशी बोलतो, आणि ओच्यामे हातात काठी धरून तेच बोलणं घासूनपुसून, म्हणींनी सजवून लोकांपुढं मांडतो. लोकांचं म्हणणंही राजापर्यंत त्याच्याच तोंडून जातं. चाळीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला शब्दांची पारख असणारच. मामांनी ओसेईला एकच प्रश्न विचारला, "पोरीला सुखात ठेवशील का?" ओसेई म्हणाला, "ठेवीन!" अंगणातल्या कोंबड्या कुंपणावर उडून बसल्या.

मामा म्हणाले, "मुलगा चांगला आहे. फक्त तो बोलायला लागला की मला बाहेर खुर्ची टाकून द्या."

लग्न झालं, डुफी झाली, आणि रिवाजाप्रमाणं अचिया 'डुफीची आई' नि ओसेई 'डुफीचे बाबा' झाला. पोरगी रांगत होती तेव्हाची गोष्ट. पापा डोंकोरची नाटकमंडळी अड्ड्यावर उतरली. त्यांचा राजाचं काम करणारा नट आदल्या आठवड्यात पळून गेला होता. डोंकोरच्या कानावर 'टेचिमान' पडलं, तसा तो गर्दीतून वाट काढत आला.

"अरे ए, राजा होतोस का?"

"पगार किती?"

"राजाला पगार नसतो. मान असतो."

ओसेईनं पाठ फिरवली. "टेचिमान! टेचिमान!"

"बरं, बरं! मान आणि पगार," डोंकोर म्हणाला.

अशी त्याची गादी सुरू झाली. मंडळीत त्याला नाव मिळालं नाना ओप्राना. राजाला आम्ही 'नाना' म्हणतो, आणि ओप्राना म्हणजे ढगांचा गडगडाट. नाटक कुठलंही असो, चोराला, लबाड पुतण्याला, विधवेच्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्याला शेवटी नाना ओप्रानासमोर यावंच लागायचं. तो उठून उभा राहायचा, खांद्यावरचं वस्त्र सावरायचा आणि गर्जायचा, "ओढून आणा त्याला!" ढोल कडाडायचे, आणि ओढून आणला जायचा तो कापिंता. हा मूळचा सुतार, मंडळीतला विदूषक. आवाज भांड्यावर नख ओढल्यासारखा. सतरा वर्षांत कापिंतानं नाना ओप्रानाचा किती मार खाल्ला असेल, देव जाणे. लोक हसून हसून लोळायचे.

मग टीव्हीवर आमच्या भाषेतली नाटकं यायला लागली. तेव्हा गल्लीत एक टीव्ही असायचा आणि त्याच्या खिडकीशी सगळी गल्ली. बंतामाच्या बाजारात ओसेई भाजी घ्यायला गेला तर बायका 'नाना' म्हणून वाकायच्या. घरमालक भाडं मागायला यायचा तो दारात उभा राहून आवाज खाली आणून बोलायचा. शेजारणी तर त्याचा आवाज उसना न्यायच्या. "डुफीचे बाबा, आमच्या क्वाकूला जरा दटावता का? शाळेत जात नाही म्हणतो." ओसेई त्यांच्या दारात जाऊन एकदाच म्हणायचा, "क्वाकू!" पोरगं दप्तर घेऊन सुटायचं.

घरात मात्र हा गडगडाट अगदी गरीब. भांडण झालं तर गप्प बसायचा. मेथडिस्ट देवळात दर रविवारी शास्त्रपाठ त्याच्याकडं असायचा, आणि पाळक म्हणायचे, "मागच्या बाकावर झोपणाऱ्यांसाठी देवानं याला पाठवलंय."

त्याची तालीम व्हायची ती जेवणासाठी उकडलेल्या कंदांचं फुफू कुटताना. तो उभा राहून मुसळ मारायचा, अचिया बसून उखळातला गोळा उलटायची. वाक्याच्या शेवटी मुसळ खाली यायचं. "ओढून आणा" धप्प, "त्याला" धप्प. त्या तालावर ती हात घालायची आणि काढायची. इतकी वर्षं बोटांना कधी लागलं नाही.

एकदा मामा बोआतेन कुमासीला आले होते. भाचीनं कौतुकानं त्यांना खिडकीशी खुर्ची देऊन नाटक दाखवलं. नाना ओप्राना गर्जला, आणि मामा तोंडावर वस्त्र धरून हसायला लागले.

"काय झालं, मामा?"

"काही नाही गं पोरी. एवढा ओरडणारा राजा मी कधी पाहिला नाही. राजा ओरडायला लागला, की समजावं, त्याचं कोणी ऐकत नाही."

ओसेईला ते लागलं. "मामा, लोक पैसे देतात ते याच आवाजासाठी."

"असेल. लोक पैसे देऊन माकडही बघतात."

तीन दिवस ओसेई मामांशी धड बोलला नाही.

घसा बसायला लागला तो त्या पुढच्या कोरड्या वाऱ्यात. उत्तरेकडून धूळ आली की सगळ्यांचाच घसा बसतो, म्हणून आधी कोणी लक्ष दिलं नाही. आलं झालं, मध झाला, देवळातल्या बायकांनी सुचवलेली सात झाडांची सालं झाली. वारा गेला, धूळ बसली, घसा तसाच. आवाज निघेना म्हणून तो आणखी जोर लावायचा, आणि जोर लावला की आणखी निघायचा नाही. मंडळी चित्रीकरणासाठी अक्राला गेली होती तेव्हा ओसेई "ओढून आणा" एवढं म्हणाला, आणि पुढं नुसती हवा आली. सगळे थांबले. कापिंता जमिनीवर तोंड करून पडला होता, मार खायच्या तयारीत. बराच वेळ मार पडेना, म्हणून त्यानं एक डोळा उघडून पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून बघितलं. "गाठ आहे. साधी आहे, देवाची कृपा समजा. काढून टाकू. पण ओरडून ओरडून आतून सोलून निघालंय सगळं. तीन महिने एक शब्द बोलायचा नाही. त्यानंतर हळू बोलता येईल. ओरडणं मात्र संपलं."

"संपलं म्हणजे?" अचियानं विचारलं.

"संपलं म्हणजे संपलं, बाई."

गाठ काढली. ओसेई घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. डोंकोरनं ओप्रानाच्या कामासाठी एक जाडजूड माणूस आणला. आवाज मोठा, पण पाठांतराच्या नावानं शून्य. देवळातला शास्त्रपाठ शाळामास्तरांकडं गेला. शेजारणी यायच्या, सूप ठेवायच्या आणि ओसेईशी बोलताना उगाचच मोठ्यानं बोलायच्या, जणू त्याचे कान गेले होते. फुफू कुटताना मुसळ मुकं पडायला लागलं. शब्दांचा ताल नाही, म्हणून अचियाची बोटं दोनदा सापडली. दुखलं त्यापेक्षा जास्त ती रडली.

रोज पहाटे ती गुडघे टेकायची. "प्रभू, त्यांचा आवाज परत दे. तू दिलेलाच होता. तुला काय कमी आहे?" तीन महिने तिनं हेच मागितलं. तोंड उघडायची परवानगी मिळाली तेव्हा ओसेईच्या गळ्यातून आलं ते वाळलेल्या केळीच्या पानांतून वारा जावा तसं काहीतरी. ते ऐकून त्यानं स्वतःच तोंड मिटलं. मग पाटीवर खडूनं लिहिलं, 'अड्ड्यावर तिकिटं बघायचं काम मागतो.'

अचियानं पाटी पुसली. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा लिहिलेलं.

त्या महिन्यात कापिंताची मावशी वारली. टेपा गावाच्या पलीकडं, आत जंगलात तिचं गाव. वीज नाही, टीव्ही नाही. ओसेई येत नव्हता. अचिया म्हणाली, "सतरा वर्षं ज्याला मारलंत त्याच्या मावशीला मूठमाती द्यायला नाही जाणार?" तेव्हा उठला. शोकाचं काळं-लाल वस्त्र नेसून दोघं गेली. पुरून झालं होतं, मंडपात माणसं बसली होती. रिवाजाप्रमाणं उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांचे हात हातात घेत ती दोघं आपल्या जागी बसली. पाणी आलं. मग घरातल्या वडीलधाऱ्यानं उभं राहून विचारलं, "इथं सगळं शांत आहे. आपलं येणं कसं झालं?"

याला उत्तर पुरुषानं द्यायचं. ओसेई अचियाकडं झुकला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. अचिया उभी राहिली. "ते म्हणतात, एका जुन्या मित्राच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला आलोत. आमच्याकडंही सगळं शांत आहे."

मंडपातले सगळे पुढं झुकून बघायला लागले.

पहिल्यांदा एका म्हातारीनं चपला काढल्या. मग तिच्या शेजारच्यानं. मग पुरुषांनी खांद्यावरची वस्त्रं खाली ओढून खांदे उघडे केले, राजासमोर करतात तसे. दोघे जण धावत जाऊन पाठीची मोठी खुर्ची घेऊन आले.

अचियानं दोन्ही हात हलवले. "अहो, नाही! हे राजे नाहीत. हे नाटकात काम करतात."

म्हातारी गालात हसली. "खरं आहे, बाई. खरे राजे असेच न सांगता येतात."

"देवाशपथ सांगते! कुमासीला भाड्याच्या घरात राहतो आम्ही!"

"किती लीन आहेत बघा," वडीलधारा शेजाऱ्याला म्हणाला.

एवढ्यात कापिंता कबरीकडून आला. त्यानं खुर्ची पाहिली, उघडे खांदे पाहिले, अचियाचा चेहरा पाहिला. मावशी गेलेली, डोळे सुजलेले. पण सतरा वर्षांची सवय कुठं जाते? धाडदिशी गुडघ्यांवर पडला आणि त्याच्या त्या चिरक्या आवाजात ओरडला, "नाना! माझ्या गरिबाच्या मावशीसाठी तुम्ही आलात!"

"कापिंता, देव बघतोय हं," अचिया दातांतल्या दातांत म्हणाली.

"बघू दे, डुफीची आई. मावशीला केवढा मान मिळाला बघ!"

निघताना लोकांनी एक कोंबडी हातात दिली. अचियानं तीनदा नाकारली, चौथ्यांदा घ्यावी लागली. खोट्या राजाची कोंबडी पोटात जाईना, म्हणून ती तिनं पाळकांना देऊन टाकली आणि का ते सांगितलं नाही.

परतताना लॉरीत ओसेई तिच्याकडं झुकला. गाठ काढल्यापासून पहिल्यांदा तो आपणहून बोलला.

"अचिया. इतकी वर्षं मी गर्जलो. लोक टाळ्या वाजवायचे, शेंगा खायचे, पोरांना खांद्यावर उचलायचे. आज कोणी शेंग फोडली नाही."

"शोकात शेंगा कोण खाईल?"

"ते सगळे कान पुढं करून बसले होते. मामा म्हणाले ते खरं होतं."

घरी आल्यावर त्यानं पाटी घेतली, पुसली आणि काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी भेट म्हणून पाव-साबण बांधून तो अबेतिमाला मामांकडं गेला. तीन आठवडे राहिला. मामांनी त्याला राजाचं बसणं शिकवलं. मागं टेकायचं नाही. बोलणाऱ्याकडं बघायचं नाही. घाम पुसायचा नाही. माशी बसली तर बसू द्यायची. आणि पाय हलवायचे नाहीत. "राजाचे पाय म्हणजे गावाचे पाय," मामा म्हणायचे. "ते चुळबुळले की गाव चुळबुळतं."

डोंकोरला पटवणं त्याहून अवघड गेलं. "ओसेई, अरे, लोक गडगडाट ऐकायला येतात. श्वास ऐकायला कशाला येतील? श्वास तर त्यांच्या घरीही आहे!"

ओसेई कापिंताकडं झुकला. कापिंता सरळ उभा राहिला. "नाना म्हणतात, तुमचा जाड्या राजा मागच्या शनिवारी तीनदा वाक्य विसरला आणि चौथ्यांदा त्यानं विधवेलाच शिक्षा दिली."

डोंकोरनं डोकं खाजवलं. "एक खेळ देतो. एकच. अबेतिमाला, रविवारी, दिवसाउजेडी, शाळेच्या पटांगणात. तिथं आपटलास तर माझं नाव नको घेऊ."

"आणि मग?" अचियानं विचारलं.

"मग लॉरीअड्डा आहेच."

राजाचा ओच्यामे म्हणून कापिंताच उभा राहणार होता. डोंकोरनं आधी सुचवलं होतं, की अचियानंच करावं, पण ती म्हणाली, "मी देवळात गाते, तेवढं माझं तोंड पुरे." कापिंतानं स्वतःच्या हातानं काठी कोरली. माथ्यावर अंडं धरलेली मूठ. त्याचा अर्थ आमच्याकडं पोरालाही कळतो, सत्ता अंड्यासारखी असते, आवळली तर फुटते, सैल सोडली तर पडते. सिगारेटच्या पाकिटांतला सोनेरी कागद वर चिकटवला.

रविवारी पटांगण भरलं. मामा पुढच्या ओळीत. अचिया मागं उभी. विधवेनं गाऱ्हाणं मांडलं, पुतण्यानं खोटं सांगितलं. ढोल वाजले. नाना ओप्राना येऊन बसला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आता गडगडणार!

तो गडगडला नाही. हळूच कापिंताकडं झुकला.

"आवाज! आवाज!" मागून ओरडा झाला. "पाऊस संपला काय, ओप्राना?" लोक हसले. कापिंताचा चिरका आवाज निघाला तसे आणखी हसले. कोणीतरी संत्र्याचं साल फेकलं, ते राजाच्या गुडघ्यावर येऊन पडलं. अचियानं डोळे मिटले. 'प्रभू,' ती मनात म्हणाली, आणि तिच्या ध्यानात आलं, की आज ती आवाज मागत नाहीये. आज ती एवढंच मागतेय, की त्यांनी उठून ओरडू नये.

ओसेई उठला नाही. साल झटकलं नाही. हसणारे हसून दमेपर्यंत तो पुतण्याच्या डोक्यावरून कुठंतरी लांब बघत राहिला. मग पुन्हा झुकला, दोनच शब्द बोलला असेल. कापिंता काठी टेकून पुढं झाला.

"नाना विचारतात," तो म्हणाला, "ही जमीन तुझी, तर तिच्यात कोणाची आई पुरली आहे?"

पुतण्याचं काम करणारा पोरगा अडखळला. असं वाक्य तालमीत नव्हतं. पटांगणात एक मूल रडायला लागलं, आईनं ते पदराखाली घेतलं. त्यानंतर कोंबडीनं माती उकरल्याचाही आवाज ऐकू येईना. राजा जेव्हा जेव्हा झुकला, तेव्हा तेव्हा सगळं पटांगण झुकलं. तिसऱ्यांदा तो बराच वेळ कानाशी बोलला. कापिंतानं काठी पुन्हा सावरून धरली. चिरका आवाज तोच होता, पण आता कोणी हसत नव्हतं.

"नाना म्हणतात, आसन बसून राहण्यासाठी नसतं. ऊन कलायच्या आत उठा, आणि विधवेची जमीन विधवेच्या हातात ठेवा."

पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं नकळत चपला काढून ठेवल्या होत्या. खेळ संपल्यावर त्याला त्या सापडेनात. टाळ्या पडल्या त्या उशिरा. पापा डोंकोर पडद्यामागून आला, ओसेईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पुढच्या शनिवारी कोनोंगो. लॉरी सकाळी सातला."

मामांची मात्र तक्रार होतीच. "शेवटी डावा पाय हलवलास."

"मामा!" अचिया म्हणाली. "एवढ्यावरच बोट ठेवायचं?"

"राजाच्याच पायावर बोट ठेवतात, पोरी. नटाच्या नाही," मामा म्हणाले आणि वस्त्र सावरत निघून गेले.

सोमवारी संध्याकाळी दोघं फुफू कुटायला बसली. मुसळ खाली आलं, आणि त्याच्याबरोबर कोनोंगोच्या नाटकाचं वाक्य, अगदी हळू. अचियाला पुढं वाकून ऐकावं लागलं, पण ताल तोच. तिनं हात घातला, गोळा उलटला, हात काढला.

"एक सांगा. तिसऱ्यांदा कापिंताच्या कानात एवढं काय बोललात?"

ओसेई मुसळ धरून थांबला.

"म्हटलं, डावा पाय बधिर झालाय. आता पडतो मी. काहीतरी बोल आणि लवकर आटप."

अचिया इतकी हसली, की शेजारीण कुंपणावरून डोकावली. "काय झालं गं?"

ओसेई बायकोकडं झुकला. अचियानं डोळे पुसले आणि उभी राहिली.

"नाना म्हणतात, तुमचा क्वाकू आज शाळेत गेला होता का?"